मागचे पाय

आप्पा दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी मरत होते.

छातीत बाण लागला होता. मी दोन्ही हात छातीशी नेले, मान मागे टाकली आणि गुडघ्यांतून ढासळत गादीवर आडवी झाले. माझ्यामागे यासीनही आडवा झाला. त्याला दुसरा इलाजच नव्हता, कारण माझी कंबर आणि त्याची कंबर एका हलक्या दांडीने जोडलेली होती.

“कट! मस्त. आता भाला, डाव्या बरगडीत,” मिथिला म्हणाली. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. “काका, कोण हवंय आपल्याला?”

पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात रेक्झिनची पिशवी. आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतींवर चारी बाजूंनी लावलेले कॅमेरे, टेबलावरचे कॉम्प्युटरचे पडदे, आणि मधोमध काळ्या घट्ट कपड्यांत, अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवून पडलेली आपली मुलगी.

“ती,” ते म्हणाले. “ती पडलीय ती.”

वारज्यात एका फर्निचरच्या गोदामावर मिथिला कर्णिकचा स्टुडिओ होता. परदेशातली एक कंपनी ग्रीक पुराणांवरून व्हिडिओ गेम बनवत होती आणि त्यातल्या शत्रूंच्या हालचालींचं काम मिथिलाला मिळालं होतं. शत्रू म्हणजे सेंटॉर. कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा. डोंगरातल्या एका खिंडीत त्यांचा कळप राहतो, नायकाला तिथून पलीकडे जायचं असतं, आणि खेळणाऱ्याने त्यांना एकेक करून मारायचं असतं. आमच्या अंगावरच्या गोळ्या कॅमेऱ्यांना दिसत, कॉम्प्युटर त्यांवरून आमची हालचाल टिपून घेई आणि पडद्यावर आमच्या जागी सेंटॉर चालू लागे. पुढे मी, म्हणजे धड, हात आणि पुढचे दोन पाय. मागे यासीन, म्हणजे मागचे दोन पाय. पडद्यावर मला दाढी होती.

दांडी सोडवून मी आप्पांपाशी गेले.

“फोन का उचलत नाहीस?”

“कामात होते, आप्पा.”

“हे काम?” त्यांनी माझ्या खांद्यावरची एक गोळी बोटाने दाबून पाहिली. “आणि कोण आहेस तू यात?”

“सेंटॉर. अर्धा माणूस, अर्धा घोडा.”

त्यांनी जरा विचार केला. “आपल्याकडे तुंबरू आहे. त्याचं तोंड घोड्याचं, अंग माणसाचं. यांचं उलटं दिसतंय. देव आहे का?”

“शत्रू आहे.”

“कुणाचा?”

मागून मिथिला म्हणाली, “नायकाला त्यांच्या खिंडीतून जायचंय ना काका, म्हणून शत्रू.”

“हां,” आप्पा म्हणाले, जणू हे त्यांना पुरतं कळलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. “सोमवारी हजर व्हायचंय तुला. निकम नानांनी शब्द दिलाय. संध्याकाळची गाडी धरू. आवरायला किती वेळ लागेल?”

वडूजच्या ज्या शाळेत आप्पांनी सगळी नोकरी खेळाचे शिक्षक म्हणून काढली, तिथली त्यांच्या निवृत्तीने रिकामी झालेली जागा त्यांनी माझ्यासाठी अडवून धरली होती. निकम नाना म्हणजे संस्थेचे सचिव. आप्पांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. नानांकडे ते माझ्यासाठी तीनदा जाऊन आले होते, हे मला आईकडून कळलं होतं. बी.पी.एड. मी त्यांच्यासाठी केलं होतं. नाटक करायला पुण्यात आले होते ती माझ्यासाठी.

आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी हो म्हणायच्या बेतात होते. मला मिळणाऱ्या बहुतेक भूमिका मध्यंतराआधीच संपत. खोलीवरची मैत्रीण लग्न करून नाशिकला गेली होती. मी आप्पांचा फोन उचलत नव्हते ते रागाने नव्हे. उचलला असता तर माझ्या तोंडून हो निघून गेलं असतं.

“आजचं काम होऊ दे, मग बोलू,” मी म्हटलं.

ते भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर ताठ बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

त्या दिवशीचं काम म्हणजे म्होरक्याचं मरण. कळपातले बाकीचे सेंटॉर पटापट मरतात. त्यांच्या म्होरक्याचं मरण मात्र खेळणाऱ्याच्या लक्षात राहायला हवं होतं. कंपनीने सांगून ठेवलं होतं की संध्याकाळपर्यंत तो प्रसंग पाठवा, आवडला तर कळपाचं सगळं काम तुमचं. नाहीतर ते तयार हालचाली विकत घेणार होते. म्हणजे मिथिलाचा स्टुडिओ रिकामा, आणि यासीन नि मीही रिकामे.

भाल्याचं मरण चालू असताना यासीनचा पाय गादीच्या कडेवर पडला आणि मुरगळला. तो ओरडला. मी वळून बघते तर आप्पा त्याच्याजवळ पोहोचलेसुद्धा होते. त्यांनी त्याचा बूट काढला, पाय आपल्या मांडीवर घेतला, फ्रीजमधली थंड पाण्याची बाटली घोट्याला लावली आणि वरून स्वतःचा पंचा घट्ट बांधला.

“मोडलेला नाही,” ते म्हणाले. “पण आज टेकायचा नाही. आणि एक्स-रे काढून घे, माझ्या म्हणण्यावर जाऊ नको.”

मिथिला खिडकीशी गेली. तिची पाठ आमच्याकडे होती. “संपलं,” ती म्हणाली. “आता या वेळेला कुणाला बोलावणार मी?” कॉम्प्युटर सांभाळणारा एडविन जागचा हलू शकत नव्हता, आणि आणखी कुणी नव्हतंच.

मला वाटतं, मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं असावं. आपण ठरवायच्या आतच ठरून गेलं, असं.

आप्पा माझ्याकडे बघत होते.

“मागं नुसतं चालायचंच आहे ना?” ते म्हणाले.

“आप्पा, तुम्ही?”

“काम संपल्याशिवाय तू निघणार नाहीस. मला गाडी गाठायचीय.”

यासीनचा पोशाख आप्पांच्या पोटावर येईना. त्यांनी श्वास आत घेतला, एडविनने चेन ओढली, आणि पुढची काही मिनिटं ते कुणाशी बोलले नाहीत. एडविन त्यांच्या हातापायांवर गोळ्या चिकटवत होता तेव्हा ते छताकडे बघत उभे राहिले, इंजेक्शन घ्यायला आल्यासारखे. शाळेतल्या पोरांनी त्यांना या कपड्यांत पाहिलं असतं तर त्यांनी राजीनामाच दिला असता.

मला वाटलं होतं, ज्या माणसाने जन्मभर पोरांना ओळीत चालवलं त्याला हे सहज जमेल. अजिबात जमलं नाही. ते माझ्या टाचांवर पाय देत. मी वळले की ते सरळ जात. सगळ्यात वाईट म्हणजे ते मागून हुकूम सोडत.

“दाहिने मुड!”

“काका, पुढून ठरतं ते,” मिथिला म्हणाली. “मागच्याने फक्त ओळखायचं.”

“काय ओळखायचं?”

“पुढच्याच्या मनात काय आहे ते.”

त्यानंतर आप्पांचे हुकूम थांबले. मी खांदा किंचित झुकवला की दांडीतून त्यांचं वजन माझ्याबरोबर झुकू लागलं. दोनदा आम्ही खोलीभर दुडक्या चालीने फिरून आलो तेव्हा कोपऱ्यात पाय वर करून बसलेल्या यासीनने टाळ्या वाजवल्या.

मग मिथिलाने म्होरक्याचा प्रसंग समजावला. बाण बरगडीत लागतो. आधी मागचे पाय जातात. म्होरक्या नुसत्या पुढच्या पायांवर ते जड अंग ओढत उठायला बघतो, अर्धा उठतो, आपल्या खिंडीकडे एकदा बघतो आणि पडतो. गादी वापरता येणार नव्हती, कारण तिच्यात पाय रुतत आणि खूर टेकल्यासारखे दिसत नसत. मी आतून गुडघ्यांना आणि कोपरांना पट्ट्या बांधल्या. खिंड म्हणजे समोरच्या भिंतीवर चिकटवलेली हिरव्या टेपची फुली.

पहिल्या वेळी आप्पा ठरल्याप्रमाणे मागे बसले, मी अंग ओढलं, अर्धी उठले, फुलीकडे पाहिलं आणि पडले. पण जमिनीपर्यंत पोहोचलेच नाही. दोन हात माझ्या काखेत आले होते.

“कट!”

एडविनने पडदा आमच्याकडे वळवला. दाढीवाला म्होरक्या डौलात कोसळत होता आणि त्याच्या घोड्याच्या पाठीतून दोन हात उगवून त्याला लहान मुलासारखं उचलून धरत होते. आम्ही सगळे हसलो. आप्पाही हसले.

दुसऱ्या वेळी हात कमरेला आले. तिसऱ्या वेळी आप्पांनी बोटं मागे गुंफून ठेवली होती, तरी मी पडताना त्यांचं सगळं अंगच पुढे सरकलं आणि त्यांचा गुडघा माझ्या पोटाखाली आला. चौथ्या वेळी परत हात. आता कुणी हसत नव्हतं. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

“काका,” मिथिला हळूच म्हणाली, “तिला पडू द्या.”

“देतो,” आप्पा म्हणाले. “देतो. या वेळी देतो.”

पाचव्या वेळीही त्यांनी मला झेललं.

मिथिलाने चहा सांगितला. दांडी काढून परत बसवायला वेळ लागे, म्हणून आम्ही तसेच जमिनीवर टेकलो, मी पुढे आणि ते माझ्या पाठीमागे, दोघांची तोंडं एकाच दिशेला. मला त्यांचा फक्त चहा फुंकण्याचा आवाज येत होता.

“सवय आहे ती,” ते म्हणाले. “मल्लखांबाखाली उभं राहायचं म्हणजे हात वर. पोर घसरलं की हात आपले आपण जातात. डोक्याला विचारायला थांबत नाहीत.”

“माहितीय मला. मी पण त्याच मल्लखांबावर होते.”

“तू कधी पडली नाहीस.”

“तुम्ही पडू दिलं नाहीत.”

चहा फुंकण्याचा आवाज थांबला. खाली गोदामात कुणीतरी कपाट सरकवत होतं.

“साताऱ्याला तुझं नाटक झालं होतं ना,” आप्पा म्हणाले. “मी आलो होतो त्याला.”

मी वळायला गेले. दांडीने वळू दिलं नाही.

“तुम्ही म्हणाला होतात शाळेची तपासणी आहे.”

“होती. उरकून आलो. तुला सांगितलं नाही, म्हटलं तुझं लक्ष जाईल. मध्ये कुठंतरी बसलो. छान करत होतीस तू. मग ते जिन्यावरून पडायचं आलं. तू अशी पोत्यासारखी खाली आलीस आणि मी उठून उभाच राहिलो, दोन्ही हात पुढं करून, सगळ्या लोकांत. मागचा माणूस म्हणाला, बसा की हो. मला बसायचं कसं तेच सुचेना. म्हणून बाहेर आलो नि मिळाली ती गाडी धरून घरी गेलो.”

त्या नाटकाला ते आले नाहीत याचा राग मी किती दिवस धरला होता ते मलाच आठवत होतं. घरी गेले की जेवताना मी त्यांच्या शेजारचं पान मुद्दाम टाळत असे.

“मी लगेच उठते त्यात,” मी म्हटलं. “पडल्यावर पुढच्याच मिनिटाला उठते आणि गाणं म्हणते. ते गाणं लोकांना फार आवडायचं, आप्पा.”

“ते मी पाहिलं नाही,” आप्पा म्हणाले.

चहा संपला. मिथिलाने विचारलं, “बघायचं का एकदा?” आणि आम्ही उभे राहिलो.

सुरू व्हायच्या आधी आप्पा माझ्या कानामागे पुटपुटले, “मी हात मागं धरलेत. तू तुझं कर.”

बाण लागला. माझ्यामागे त्यांचं वजन खाली गेलं आणि दांडीने मला मागे खेचलं. मी पंजे रोवले आणि ते सगळं वजन ओढू लागले. खरोखरच जड होतं ते. मांड्या थरथरल्या, गुडघा घसरला, परत रोवला. अर्धी उठले. समोर हिरवी फुली होती. तिच्याकडे बघताना मला एकदम जाणवलं की या वेळी मागे काही नाही. याआधी प्रत्येक वेळी, रंगमंचावरसुद्धा, मी पडताना अंग थोडं राखून पडत होते, कुणीतरी धरेल अशा बेताने. मी ते राखून ठेवलेलं सोडून दिलं.

हनुवटी फरशीवर आपटली. दातांवर दात बसले आणि तोंडात रक्ताची चव आली. मी पडून राहिले.

कुणी कट म्हणालं नाही. मिथिला विसरली होती. खोलीत फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज होता. मागे आप्पा जमिनीवर बसलेले असणार, पण तिकडून श्वासाचाही आवाज येत नव्हता.

“कट,” अखेर मिथिला म्हणाली.

तरीही हात आले नाहीत.

“केतकी?” मागून आवाज आला.

“आहे.”

“लागलं?”

“लागलं.”

“लई?”

मी जीभ फिरवून पाहिली. “नाही. थोडं.”

“बरं,” आप्पा म्हणाले. आणि मी माझी मी उठेपर्यंत ते थांबले.

मी तोंड धुऊन आले तेव्हा सगळे पडद्यापाशी जमले होते. म्होरक्या उठायला बघत होता. त्याच्या खांद्यांतून सगळ्या कळपाचं वजन ओढलं जात होतं, आणि तो पडला तेव्हा मला क्षणभर तो मीच आहे हे विसरायला झालं. एडविनने चित्र थांबवलं.

“हा मागचा पाय बघ,” तो मिथिलाला म्हणाला. “सगळं अंग निपचित झाल्यावर हा एकटा थरथरतोय. उठायला निघाल्यासारखा. हे सांगितलं होतंस तू?”

“नाही,” मिथिला म्हणाली.

“काढून टाकू?”

“हात लावू नकोस त्याला.”

आप्पा पडद्याकडे न बघता गुडघा चोळत होते.

मिथिलाने तो प्रसंग पाठवून दिला. कंपनीचं उत्तर यायला दोन दिवस लागले आणि ते हो असं आलं. पुढे तो गेम खूप खेळला गेला, म्होरक्या मेल्यावर नेम धरून बसलेले खेळाडूही त्या थरथरत्या पायापाशी थबकतात असं लोकांनी लिहिलं, आणि त्या एका कामावरून मला पुढची कामं मिळत गेली. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच आम्हांला माहीत नव्हतं. पाठवलेला प्रसंग आवडेल की नाही, आठवड्याने हा स्टुडिओ तरी असेल की नाही, कुणीच सांगू शकलं नसतं.

आप्पा परत पांढऱ्या कपड्यांत आले. त्यांनी भांग नीट केला, खिशातून फोन काढला आणि तो हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले.

“नानांना काय सांगू?” त्यांनी विचारलं.

त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. शाळा कुठली, खेळ कुठला, अंगात स्वेटर कुठला, हे नेहमी ठरूनच माझ्याकडे येई. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. ते खरंच थांबले होते.

“मी इथंच राहते, आप्पा,” मी म्हटलं. “जमेल की नाही ते माहीत नाही.”

“ते मी विचारलं नाही,” ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन त्यांनी फोन लावला.

“नाना, नमस्कार. जगदाळे बोलतोय. नाही, ती येत नाहीये. दुसऱ्या कुणालातरी ती जागा द्या. हो, हो, मला कळतंय तुम्ही किती खटपट केली ती. नाही, लग्नबिग्न नाही. कामच आहे.” मग बराच वेळ ते ऐकत राहिले. “कसलं ते आता फोनवर तुम्हाला कसं सांगू, नाना. येऊन सांगतो. पण चांगलं करते ती. मी आज शेवटपर्यंत बघितलं.”

फोन ठेवल्यावर ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. आईला काय सांगायचं याचा विचार करत असावेत. मी पिशवी उचलून त्यांना द्यायला गेले तर ते मला ओलांडून यासीनकडे गेले, खाली बसले आणि त्याचा घोटा दाबून पाहिला. तो कळवळला.

“चार दिवस तरी नाही,” आप्पा म्हणाले. मग मिथिलाकडे वळून त्यांनी विचारलं, “मॅडम, उद्या काय आहे?”

“उद्या? उद्या उत्तर येतंय का बघायचं. तोवर कळपाची धावपळ घेऊन ठेवली असती मी, तयारी म्हणून. पण यासीन नाही तर...”

“किती वाजता?”

मिथिलाने माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे पाहत होते.

“नऊला,” ती म्हणाली.

“आम्ही साडेआठला येतो,” आप्पा म्हणाले. “पळायचं म्हणजे अंग आधी गरम करून घ्यावं लागतं.”